नऊ नंबरचा पूल

पायाला भिंगरी असलेला माणूस
कुठल्या कुठे भटकतो म्हणतात.
माझा बाप, एल्झेआर गोत्ये,
एकतीस वर्षं भिंगरीवरच चालला
आणि कुठेच गेला नाही.

ऑन्टारिओतला जुना कालवा. मधोमध दगडी खांब,
खांबावर बिडाच्या चाकांचं कडं,
कड्यावर आगगाडीचा अख्खा पूल,
जात्याच्या वरच्या तळीसारखा एका खुंट्यावर तोललेला.
जहाज लांबून तीनदा भोंगा द्यायचं.
बाप कंदील घेऊन मध्यावर जायचा,
पुरुषभर उंचीची किल्ली भोकात रोवायचा,
तिच्या दांड्याला छाती लावून चालू लागायचा.
बासष्ट फेरे.
सव्वाशे टन लोखंड, आधी हूं की चूं नाही,
मग गाभण गाईसारखं सावकाश वळायचं.
रूळ दोन्हीकडून सुटायचे
आणि पूल पाण्याच्या अंगाने उभा,
ना या काठाचा ना त्या काठाचा.
बापही त्याच्यावरच.

शेजारून गव्हाची जहाजं जायची,
इतक्या जवळून, की हात लांबवला तर रंग बोटांना लागावा.
एवढं मोठं जातं,
एक दाणा दळला नाही कधी.

उघडलेला पूल तो मागे फिरवत नसे.
त्याच दिशेने पुढे ढकलून बंद करी,
पूर्वेचं टोक पश्चिमेला जाई.
कायम डावीकडे वळून वळून
त्याचा उजवा बूट आधी झिजे.
हंगेरीहून आलेला सूच चांभार म्हणायचा,
"गोत्ये, दुसरा पाय भाड्याने दिलायस का कुणाला?"
हिवाळ्यात कालवा गोठला की चार महिने नुसत्या गाड्या.
तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती फिरत राही,
आई ओरडेपर्यंत.

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात, संध्याकाळी,
धुक्यातून भोंगा आला. तीनदा.
त्याने पूल उघडला, किल्लीला टेकून उभा राहिला.
जहाज सरकत आलं, आणि कठड्याशी
माझा भाऊ ओदिलों.
सतरा वर्षांचा. खांद्याला माझी पिशवी.

वाट बापानेच करून दिली होती.
उडी मारावी तर पाणी,
धावावं तर पूलच साठ पावलांचा.
तो धावला नाही.
जहाजाच्या वेगाने चालत राहिला, भावाच्या बरोबरीने,
त्या पुलावर मी त्याला सरळ रेषेत चालताना
तेवढंच पाहिलं.
वाटलं, आता शिवी देईल,
नाहीतर दंड धरून ओढेल. हात पोचत होता.
पूल संपला.
तो म्हणाला, "टोपी घाल."

नंतर पाच-चाळीसची मालगाडी होती.
बासष्ट फेरे. घाई केली नाही.
घाई केली की पूल खुणेच्या पुढे निघून जातो
आणि मागे आणायला दोन माणसं लागतात.
पाचरी ठोकल्या, हिरवा कंदील दाखवला.
इंजिनवाल्याने हात केला. त्यानेही केला.

पुढे नवा कालवा झाला, गाड्याही तिकडे वळल्या.
शेवटच्या हुकुमात एकच ओळ: पूल उघडा ठेवावा.
कुणासाठी, ते लिहिलं नव्हतं.
अंगावर बर्चची रोपटी, खाली कासवं,
इतकी वर्षं तो तसाच.

यंदा जूनमध्ये गावातल्या सात जणांनी
चाकांना ग्रीस चोपडलं.
किल्ली माझ्या शेडच्या दाराला अडसर होती, ती नेली.
सगळ्यांनी छाती लावली.
वीतभर हलला.
असा आवाज, की कासवं धपाधप पाण्यात.
टाळ्या झाल्या, कुणी बिअर फोडली.
मी खाली माझ्या बुटांकडे पाहत होतो,
दोन्ही सारखेच झिजलेले.
तेवढ्यात कुणीतरी विचारलं,
नक्की कुठल्या बाजूला हलला?
खूण करायची राहूनच गेली होती.